संयोजी ऊतींचे आनुवंशिक विकार: मुंबईत जनुकीय चाचणी करून घेण्याची वाट

जनुकीय चाचणीचा रिपोर्ट हातात पडल्यावर तो कोणाला दाखवावा हे विचारत फिरणारी कुटुंबे मुंबईत बरीच भेटतात. चौकशी केली तर बहुतेक वेळा असे दिसते की रक्त काढण्याआधी जे काम व्हायला हवे होते ते झालेलेच नाही: घरचा वैद्यकीय इतिहास कोणी नीट लिहून घेतलेला नसतो, हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी अर्धवट असते, आणि चाचणीतून नेमके काय शोधायचे आहे हे प्रयोगशाळेला कोणी कळवलेले नसते. संयोजी ऊतींच्या विकारांत ही उणीव फार महागात पडते, कारण एकसारखी दिसणारी लक्षणे अनेक वेगवेगळ्या जनुकांतील बिघाडांमुळे उद्भवू शकतात, आणि त्यांतील प्रत्येकाची देखरेख निराळी असते. म्हणून या मार्गदर्शिकेत रक्त काढण्याआधीच्या कामाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

चाचणीचा विचार कोणी करावा

हाडे, सांधे, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि डोळ्यातील भिंग जागच्या जागी धरून ठेवणारे तंतू या सगळ्यांना संयोजी ऊतींचा आधार असतो. कोलॅजन, फायब्रिलिन, इलॅस्टिन ही त्या ऊतींना ताकद आणि लवचिकपणा देणारी प्रथिने होत. ती ज्या जनुकांवरून तयार होतात त्यांत बदल असेल, तर परिणाम एकाच अवयवापुरता राहत नाही. चष्म्याचा नंबर, पाठीचा बाक आणि हृदयाची झडप या एरवी तीन डॉक्टरांकडे जाणाऱ्या तक्रारींचे मूळ एकच असू शकते.

यांतील सर्वांत परिचित विकार म्हणजे मार्फान सिंड्रोम. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फां यांनी १८९६ मध्ये लांब, सडपातळ बोटांच्या एका लहान मुलीचे वर्णन केले, त्यावरून हे नाव रूढ झाले. त्यामागचे एफबीएन१ हे जनुक १९९१ मध्ये सापडले. साधारण ५,००० माणसांत एकाला हा विकार असतो. २०११ च्या जनगणनेतील मुंबईची सव्वा कोटीची लोकसंख्या धरली, तर एकट्या या शहरात अडीच हजारांच्या आसपास माणसे निघतील, आणि त्यांतील अनेकांना आपण फक्त ‘उंच आणि किडकिडीत’ आहोत एवढेच माहीत असेल. दुसरा विकार लोइज-डिट्झ सिंड्रोम. त्याचे वर्णन २००५ चे, म्हणजे अगदी अलीकडचे आहे. त्यात पडजीभ दुभंगलेली असणे, डोळ्यांत अंतर जास्त असणे आणि रक्तवाहिन्या नागमोडी असणे या खुणा आढळतात, आणि दोन्ही विकारांत रुंद होत जाणारी महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) येथे मार्फानपेक्षा कमी रुंदीला फाटू शकते. एहलर्स-डॅन्लॉस सिंड्रोमचे २०१७ च्या वर्गीकरणात १३ प्रकार मानले गेले. त्यांपैकी रक्तवाहिन्यांचा प्रकार सर्वांत गंभीर, कारण त्यात धमन्या, मोठे आतडे किंवा बाळंतपणात गर्भाशय अचानक फाटण्याचा धोका असतो. वारंवार हाडे मोडण्याचा ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा आणि लहान वयात मोठा मायनस नंबर, ऐकू कमी येणे व टाळू फाटलेला असणे अशा खुणांचा स्टिकलर सिंड्रोम हेही याच घरातले.

पुढीलपैकी काही असल्यास जनुकतज्ज्ञांची भेट घ्यावी: टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीचे मूळ वयाच्या मानाने रुंद दिसणे, डोळ्यातील भिंग सरकलेले असणे, तरुण वयात मार न लागता फुप्फुसाभोवती हवा साचून फुप्फुस मिटणे, किरकोळ धक्क्याने पुन्हापुन्हा फ्रॅक्चर होणे, जखमांचे व्रण सिगारेटच्या कागदासारखे पातळ व रुंद होणे, किंवा घरात कोणी पन्नाशीच्या आत महाधमनी फाटून गेलेले असणे. नुसती उंची किंवा नुसते लवचिक सांधे यावरून चाचणीकडे धाव घेण्याचे कारण नाही.

आधी घरचा इतिहास

एका मोठ्या कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढावी: आपण व भावंडे, आईवडील व त्यांची भावंडे, दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि पुढची पिढी असल्यास मुले. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, आणि निधन झालेल्यांच्या चिन्हावर तिरपी रेघ, ही खूण जनुकतज्ज्ञ जगभर वापरतात. प्रत्येकाच्या नावाखाली वय, उंची, चष्मा कोणत्या वयात लागला, शस्त्रक्रिया, आणि मृत्यूचे वय व कारण लिहावे.

मृत्यूच्या कारणाची माहिती घरातून मिळवणे हे या सगळ्यातील अवघड काम आहे. आपल्याकडे तरुण माणूस अचानक गेला की ‘अॅटॅक आला’ एवढ्या दोन शब्दांवर विषय संपतो, आणि महाधमनी फाटण्याच्या कितीतरी घटना त्या दोन शब्दांखाली गाडलेल्या असू शकतात. म्हणून प्रश्न बारकाईने विचारावे लागतात. ‘आत्या, काका गेले तेव्हा दुखणं छातीत होतं की पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये? एकदम कळ आली, काहीतरी फाटल्यासारखी, की आधीपासून दम लागत होता? पोस्टमॉर्टेम झालं होतं का, त्याचा कागद कोणाकडे आहे?’ असे विचारले तर ज्या आत्याने वीस वर्षे ‘अॅटॅक’ म्हणून सांगितले, तीच कधीकधी सांगते की पाठीत असह्य कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते. आजीला विचारायचे झाल्यास बाळंतपणातील मृत्यू, लहानपणीच वारलेली मुले, ‘डोळ्याने अधू’ असलेली भावंडे, वारंवार होणारा हर्निया आणि ‘छातीत हवा भरली’ म्हणून नळी घातलेले कोणी यांविषयी वेगवेगळे विचारावे. एकाच प्रश्नात सगळे गोळा होत नाही. गावाकडे फोन करावा लागला तर तो वंशावळ काढायच्या आधीच करून ठेवावा.

आईवडील रक्ताच्या नात्यातील आहेत का, हेही मोकळेपणाने लिहावे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक मराठी घरांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. मार्फानसारख्या विकारात एका पालकाकडून आलेला एकच बदल पुरेसा असतो, त्यामुळे तेथे या नात्याने फारसा फरक पडत नाही. मात्र होमोसिस्टिन्युरिया (रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल साचण्याचा विकार), एहलर्स-डॅन्लॉसचा पाठीचा बाक आणणारा प्रकार आणि ऑस्टिओजेनेसिसचे काही प्रकार दोन्ही पालकांकडून बदल आल्यावरच होतात, आणि तेथे नात्यातील लग्न हा तज्ज्ञांसाठी महत्त्वाचा धागा ठरतो. ही माहिती संकोचाने लपवली तर चाचणीची दिशाच चुकते.

मग शरीराची तपासणी

जनुकतज्ज्ञांकडे जाताना दोन रिपोर्ट सोबत असलेच पाहिजेत. पहिला टूडी इकोचा, आणि त्यात ‘महाधमनी नॉर्मल’ एवढा शेरा पुरत नाही. महाधमनीच्या मुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि वय, उंची, वजन यांच्या तुलनेत काढलेला झेड-स्कोअर लिहून मागावा. झेड-स्कोअर २ किंवा त्याहून अधिक असणे ही मार्फानच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, २०१० च्या सुधारित गेंट निकषांतील एक मुख्य कसोटी आहे. बारा वर्षांच्या मुलाची ३४ मिलिमीटर रुंदी मोठ्या माणसाच्या तक्त्यात साधारण दिसते आणि प्रत्यक्षात ती चिंतेची असू शकते, म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नये. दुसरा रिपोर्ट नेत्रतज्ज्ञांचा: डोळ्यांत ड्रॉप टाकून बाहुली मोठी करून, स्लिट लॅम्पवर (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकावर) भिंग सरकले आहे का हे पाहिलेले असावे. चष्म्याच्या दुकानातील कॉम्प्युटरवरची तपासणी येथे उपयोगाची नाही.

तज्ज्ञ स्वतः काय पाहतात याची कल्पना असली तर भेट सुकर होते. एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट वेढले असता अंगठा करंगळीच्या नखावर चढतो का. अंगठा तळहातात दुमडून मूठ मिटली तर त्याचे नखाचे पेर करंगळीच्या बाजूने बाहेर येते का. हात पसरल्यावर होणारी लांबी उंचीच्या १.०५ पटीहून अधिक आहे का. छाती आत दबलेली किंवा पुढे आलेली आहे का. पाठीचा कणा वाकडा आहे का. अशा खुणांना गुण देऊन २० पैकी ७ किंवा अधिक आले तर ते अर्थपूर्ण मानतात. सांध्यांच्या लवचिकपणासाठी ९ गुणांचा बायटन स्कोअर आहे: दोन्ही करंगळ्या मागे ९० अंशांपलीकडे वळणे, दोन्ही अंगठे हाताच्या पुढच्या भागाला टेकणे, दोन्ही कोपरे आणि दोन्ही गुडघे उलट बाजूला झुकणे, यांचा प्रत्येकी एक गुण, आणि गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकण्याचा एक. वयात आलेल्यांमध्ये पन्नाशीपर्यंत ५ आणि त्यापुढे ४ गुण पुरतात; लहान मुलांत ६ लागतात, कारण मुले मुळातच लवचिक असतात. भरतनाट्यम किंवा मल्लखांब शिकणाऱ्या मुलांबाबत हे तज्ज्ञांना अवश्य सांगावे.

आणखी एक साधी तपासणी जनुकीय चाचणीच्या आधी करून घ्यावी असे माझे ठाम मत आहे, ती म्हणजे रक्तातील होमोसिस्टीन. होमोसिस्टिन्युरिया असलेले मूल उंच, सडपातळ आणि भिंग सरकलेले असते, त्यामुळे ते मार्फानसारखेच दिसते. मार्फानमध्ये भिंग बहुधा वर सरकते, होमोसिस्टिन्युरियात बहुधा खाली. मात्र या विकारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि काही रुग्णांत ब जीवनसत्त्वांनी, विशेषतः बी६ ने, व आहाराच्या नियंत्रणाने मोठा फरक पडतो. उपचार करता येण्याजोगे निदान साध्या रक्त तपासणीत होत असताना ते महिनाभर जनुकीय रिपोर्टची वाट पाहत राहावे, हे योग्य नाही.

मुंबईत कुठे

परळ हे या कामाचे केंद्र म्हणता येईल. महापालिकेचे केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. मुलांसाठी वाडिया रुग्णालय तेथून चालण्याच्या अंतरावर आहे. आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थाही परळमध्येच आहे. पश्चिम उपनगरांतून येणाऱ्यांनी प्रभादेवीला उतरून पादचारी पुलावरून परळच्या बाजूला यावे. कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून येणाऱ्यांना परळ स्थानकच सोयीचे. खासगी मोठ्या रुग्णालयांतही जनुकतज्ज्ञ व समुपदेशक आहेत. जनुकीय विभागाची ओपीडी बहुधा ठरावीक दिवशीच असते, म्हणून फोन करून वार विचारून घ्यावा, आणि महापालिकेच्या रुग्णालयात केस पेपर काढण्यासाठी सकाळी लवकर पोहोचावे. वंशावळ, इको, डोळ्यांचा रिपोर्ट, जुने डिस्चार्ज कार्ड आणि शक्य असल्यास कुटुंबाचे काही फोटो एका फाइलीत ठेवावेत. फोटो मागितले तर आश्चर्य वाटू देऊ नये. चार काकांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तज्ज्ञांना कधीकधी प्रश्नोत्तरांपेक्षा जास्त कळते.

दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीत ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा (त्यावरील बिस्फॉस्फोनेट या हाडे बळकट करणाऱ्या औषधांच्या उपचारांसाठी) आणि होमोसिस्टिन्युरिया यांचा समावेश आहे, त्यामुळे या दोन विकारांच्या कुटुंबांनी आर्थिक मदतीविषयी केईएममध्येच विचारणा करावी. इतरांनी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. धर्मादाय संस्थांचे अर्ज कसे भरायचे हे त्यांना पाठ असते.

कोणती चाचणी निवडावी

घरात आधीच कोणाचा रिपोर्ट आलेला असून त्यात रोगकारक बदल सापडलेला असेल, तर इतरांना फक्त तेवढाच एक बदल तपासावा लागतो. या चाचणीला काही हजार रुपये पुरतात आणि तिचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे स्वच्छ येते. त्यासाठी मूळ रिपोर्टची प्रत नेणे अत्यावश्यक आहे. ‘काकांना मार्फान आहे’ एवढ्या तोंडी माहितीवर पुन्हा पूर्ण चाचणी करावी लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

घरातील पहिल्याच व्यक्तीची चाचणी असेल तर पॅनेल आणि एक्झोम असे दोन पर्याय समोर येतात. पॅनेलमध्ये संबंधित जनुकांचा ठरलेला गट तपासतात. एक्झोममध्ये प्रथिने बनवणारा सर्व जनुकीय भाग, म्हणजे एकूण जीनोमचा (माणसाच्या संपूर्ण डीएनएचा) एक ते दोन टक्के हिस्सा, वाचतात. लक्षणे स्पष्टपणे महाधमनीशी निगडित असतील तर एफबीएन१, टीजीएफबीआर१, टीजीएफबीआर२, एसएमएडी३, टीजीएफबी२, सीओएल३ए१, एसीटीए२ आणि एमवायएच११ ही जनुके असलेले पॅनेल पुरेसे असते. लक्षणे विखुरलेली असतील, किंवा लहान मुलाचे निदानच धूसर असेल, तर एक्झोम उपयोगी पडते, आणि तेव्हा आईवडिलांचेही नमुने एकाच वेळी पाठवले तर अर्थ लावणे बरेच सोपे होते. दोन्ही चाचण्यांचा खर्च दहा हजारांच्या पटीत जातो आणि मेडिक्लेम साधारणपणे बाह्यरुग्ण चाचण्यांचे पैसे देत नाही, म्हणून निवड तज्ज्ञांवर सोपवावी. पॅथॉलॉजीच्या काउंटरवरील मुलाने दाखवलेल्या पॅकेजवरून ती करू नये.

पैसे भरण्याआधी प्रयोगशाळेला विचारावे: एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का, जनुकाचा मोठा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असल्यास तो या चाचणीत सापडेल का, की त्यासाठी एमएलपीए ही चाचणी वेगळी करावी लागेल, रिपोर्ट किती आठवड्यांत येईल, आणि दोन वर्षांनी जनुकांविषयी नवे ज्ञान आल्यास तुमचीच जुनी माहिती पुन्हा तपासून देतील का.

एका गटाला मात्र चाचणीपासून परावृत्त करावे लागते. अतिलवचिक सांध्यांचा एहलर्स-डॅन्लॉस हा सर्वाधिक आढळणारा प्रकार असूनही त्याचे जनुक अद्याप निश्चित झालेले नाही; त्याचे निदान तपासणीवरूनच होते, आणि जनुकीय चाचणीचा उपयोग झालाच तर इतर प्रकार वगळण्यापुरता होतो. सांधेदुखीने त्रासलेल्या तरुण मुलींना कोणी ‘जीन टेस्ट’च्या नावाखाली एमटीएचएफआरसारखे असंबद्ध जनुक तपासून देते, तेव्हा त्यांच्या हाती काहीच लागत नाही. लाळ पाठवून घरबसल्या होणाऱ्या ‘वेलनेस’ चाचण्यांनाही येथे स्थान नाही.

नमुन्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये काही मिलिलिटर रक्त घेतात, उपाशीपोटी यावे लागत नाही, आणि ट्यूब बहुधा दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत जाते. नुकतेच रक्त चढवले असल्यास किंवा पूर्वी बोन मॅरो प्रत्यारोपण झाले असल्यास आधी सांगावे. संमतिपत्र मात्र सही करण्यापूर्वी वाचावे. एक्झोम करताना ज्याचा शोध घेतलाच नव्हता असा, उदाहरणार्थ कर्करोगाचा धोका वाढवणारा बदल सापडल्यास तो कळवावा का, असा प्रश्न त्यात असतो, आणि त्याचे उत्तर घरी विचार करून ठरवलेले बरे.

रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्टच्या पहिल्या पानावर जनुकाचे नाव, डीएनएमधील बदल, त्यामुळे प्रथिनात होणारा बदल, तो जनुकाच्या एका प्रतीत आहे की (आईकडून व वडिलांकडून आलेल्या) दोन्ही प्रतींत, आणि शेवटी त्याचे वर्गीकरण असते. हे वर्गीकरण २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाच पायऱ्यांचे असते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित महत्त्वाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. पहिल्या दोन पायऱ्यांवर उपचार व नातेवाइकांची तपासणी ठरवता येते.

प्रथिनातील बदलाकडे लक्ष दिले तर तज्ज्ञ एवढे ठामपणे का बोलतात ते उमगते. कोलॅजनची तीन पदरी दोरी वळली जाण्यासाठी दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असावे लागते, कारण तेथे त्याच्याहून मोठे काही मावत नाही. म्हणून सीओएल३ए१ जनुकात ग्लायसिनच्या जागी दुसरे आम्ल आले असे लिहिले असेल, तर तो बदल रक्तवाहिन्यांच्या एहलर्स-डॅन्लॉसचा ठराविक बदल असतो. फायब्रिलिनमध्ये तेच महत्त्व सिस्टीन या आम्लाला असते.

तिसरी पायरी, म्हणजे अनिश्चित महत्त्वाचा बदल, हा सर्वांत जास्त मनस्ताप देणारा निकाल होय. त्याचा अर्थ ‘थोडासा आजार’ असा नाही. हा बदल आजार घडवतो की माणसामाणसांतील साधा फरक आहे, हे आज सांगता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. भारतीयांच्या जनुकीय नोंदी जागतिक संग्रहांत कमी असल्याने आपल्याकडे असे निकाल अधिक येतात. जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून त्यांची माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली, त्यामुळे पुढे हा प्रश्न काही अंशी हलका व्हावा. असा निकाल आला तर निरोगी नातेवाइकांना त्यावरून आजारी ठरवू नये आणि त्यावरून गर्भाविषयीचा निर्णय तर मुळीच घेऊ नये. आजार स्पष्ट असलेल्या दुसऱ्या नातेवाइकात तोच बदल आहे का हे तपासावे, आणि वर्ष-दोन वर्षांनी फेरविचार मागावा.

निकाल नकारात्मक आला म्हणून पेढे वाटण्याचीही घाई करू नये. गेंट निकषांत पूर्ण बसणाऱ्या रुग्णांतही काहींमध्ये एफबीएन१ मधील बदल सापडत नाही. महाधमनी रुंद असेल तर रिपोर्ट काहीही म्हणो, टूडी इको ठरलेल्या वेळी होतच राहिला पाहिजे. ज्या घरात रोगकारक बदल आधीच सापडला आहे तेथे मात्र गोष्ट वेगळी: तो बदल तुमच्यात नसेल तर तुम्ही आणि तुमची पुढची पिढी या देखरेखीतून खरोखरच मोकळी होते.

नातेवाइकांना कळवताना

मार्फान, लोइज-डिट्झ आणि रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डॅन्लॉस यांत बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. मार्फानच्या सुमारे चौथाई रुग्णांत मात्र तो आईवडिलांकडून न येता नव्यानेच घडलेला असतो. म्हणून आधी आईवडिलांची चाचणी करावी. दोघांतही नसेल तर भावंडांचा धोका फार कमी होतो, पूर्ण शून्य होत नाही. सासरच्या माणसांनी ‘हे तुमच्याकडचं’ म्हणून सुनेला बोल लावण्याआधी हा क्रम पाळला जावा, अशी अपेक्षा आहे. बदल कोणाकडून आला हे कळले तरी तो कोणाचाही दोष होत नाही.

फोनवर घाईत सांगितलेली गोष्ट निम्मी ऐकली जाते, त्यामुळे लेखी कळवावे आणि सोबत रिपोर्टची प्रत द्यावी. वडिलांमध्ये बदल सापडल्यानंतर थोरल्या भावाला पाठवायचा मजकूर साधारण असा असू शकतो:

‘प्रिय दादा आणि वहिनी, माझ्या टूडी इकोमध्ये हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी रुंद झालेली दिसली आणि जनुकीय चाचणीत त्याचे कारण सापडले. तोच बदल बाबांमध्येही आहे. दादाला तो असण्याची शक्यता निम्मी आहे. असेलच असे नाही. सोबत रिपोर्ट जोडला आहे. दादाने एकदा टूडी इको करून घ्यावा आणि हा एक बदल तपासून घ्यावा. त्याच्यात तो नसेल तर मुलांना काहीच करावे लागणार नाही. असेल तर त्यांच्या चाचणीचे आपण डॉक्टरांना विचारून ठरवू. छातीत किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली तर रिपोर्टची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावे आणि हा कागद दाखवावा. चाचणी करायची की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा, मी पुन्हा त्याविषयी आग्रह करणार नाही.’

शेवटचे वाक्य पाळलेही पाहिजे. सज्ञान माणसाला न कळण्याचा हक्क असतो. मुलांबाबत वेगळा विचार करतात, कारण या विकारांत देखरेख बालवयातच सुरू करावी लागते. म्हणून येथे चाचणी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत थांबवत नाहीत.

लग्नाच्या वाटाघाटीत हा विषय लपवण्याचा सल्ला घरातली वडीलधारी मंडळी देतात, आणि तो विशेषकरून मुलींच्या बाबतीत दिला जातो. मला तो मान्य नाही. मार्फान असलेल्या मुलीच्या बाळंतपणात तिच्या महाधमनीची रुंदी सतत मोजावी लागते; ही गोष्ट सासरी ठाऊक नसेल तर ती देखरेख कोण करणार?

मूल हवे असल्यास

जोडप्यापैकी कोणाचा बदल माहीत असेल तर गर्भधारणेच्या आधी समुपदेशकांना भेटावे. गर्भजल चाचणी १६ व्या आठवड्यानंतर आणि वारेतील पेशींची चाचणी ११ ते १४ आठवड्यांत होते, आणि दोन्हींसाठी कुटुंबातील नेमका बदल आधीच हाताशी असावा लागतो. दिवस गेल्यावर शोध सुरू केला तर आठवडे पुरत नाहीत. या चाचण्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच होतात, गर्भवतीला समजणाऱ्या भाषेतील लेखी संमती घेतली जाते, आणि लिंग सांगितले जात नाही. आयव्हीएफमध्ये गर्भ रोवण्याआधी तपासण्याचा मार्गही आहे. तो खर्चिक आहे. स्त्री स्वतः बाधित असेल तर तिची महाधमनी किती रुंद आहे हा प्रश्न बाळाच्या चाचणीच्याही आधी सोडवावा, कारण रुंदी जास्त असल्यास गर्भधारणेपूर्वी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जाऊ शकतो.

निदानानंतर फाइलीत काय ठेवावे

रिपोर्ट, शेवटचा इको आणि हृदयतज्ज्ञांचा फोन यांची एक प्रत पाकिटात आणि एक मोबाइलमध्ये ठेवावी. विम्याचा प्रस्ताव भरताना विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत, म्हणजे दावा करताना कंपनीला बोट ठेवायला जागा राहत नाही. महाधमनीचा मार्फानमधील शस्त्रक्रियेचा टप्पा साधारण ५ सेंटिमीटर धरतात, धोका अधिक असल्यास त्याआधीही. तोवर महाधमनीवरचा ताण कमी करणारी बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टनसारखी औषधे आणि वर्षातून किमान एकदा इको हा क्रम असतो. श्वास रोखून वजने उचलणे आणि कबड्डीसारखे धडकेचे खेळ बंद करावे लागतात.

फाइलीच्या दर्शनी पानावर मोठ्या अक्षरांत एक सूचना लिहून ठेवावी. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला, आणि मार्फान व एहलर्स-डॅन्लॉस असलेल्यांनी दुसरा पर्याय असताना ती टाळावीत असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे पावसाळ्यात जुलाब झाले किंवा लघवीला जळजळ झाली की हीच औषधे पहिल्यांदा लिहिली जातात, आणि केमिस्टकडून चिठ्ठीशिवायही सहज मिळतात. म्हणून कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांना आणि नेहमीच्या केमिस्टला या तीन औषधांची नावे लिहिलेला कागद आधीच देऊन ठेवावा, आणि घरातल्या औषधांच्या डब्यात उरलेली अशी पट्टी असेल तर ती काढून टाकावी.